डाव्या हाताचं दार

शाल्मलीच्या ऑफिसात भागीरथीबाईंना बसायला प्लास्टिकची खुर्ची मिळाली. बाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली, की खुर्चीनंच लाजून उठावं. मग पदर सावरून त्या टेकल्या, पूर्ण बसल्या नाहीत.

"चोर पकडणाऱ्या त्या तुम्हीच का?"

"मीच."

"वाटत नाही."

"तेच माझं भांडवल आहे," शाल्मली म्हणाली. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती; आता मल्लेश्वरमला फुलवाल्याच्या दुकानावर एका खोलीत ती स्वतःचा धंदा करत होती. समोरचं माणूस बोलू लागलं की ती डोळे मिटून घ्यायची. भागीरथीबाईंना तो उद्धटपणा वाटला.

"झोपू नका. माझ्याकडे वेळ नाही. आणि तुम्हाला फार काम पण नाही. चोर मी पकडलाय. माझी सून. ती चोर कशी, ते पोलिसांना पटेल अशा भाषेत तुम्ही सांगायचं, एवढंच."

"आधी मला पटू द्या."

मग बाईंनी सांगितलं. त्यांचे यजमान नरसिंगराव यांनी पीण्याच्या औद्योगिक वस्तीत शेड टाकली, तेव्हा तिथं धड रस्ता नव्हता. लेथवर वाल्वचे भाग कातून त्यांनी कारखाना उभा केला. सगळ्या कारखान्याचा जीव एका पोलादी कड्यात होता. नरसिंगरावांनी स्वतःच्या हातानं घासून केलेलं ते कडं. माल पाठवायच्या आधी प्रत्येक भाग त्यात बसला तर पास, नाही बसला तर भंगार. कामगार त्याला 'मास्टर' म्हणत. त्याची वेगळी थंड खोली होती, वेगळी पेटी होती.

"गुरुवारी पेटी उघडली तर रिकामी. सोमवारी मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं तपासायला येणार. मास्टर नाही तर काम नाही."

"खोलीला कुलूप?"

"कुलूप असतं तर मी इथं आले असते का? सूनबाईंनी कुलूप काढलं. विजेचं दार बसवलं. आणि त्याची किल्ली," बाईंनी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला मऊ भाग चिमटीत धरून दाखवला, "इथं शिवून घेतली. काचेचा दाणा, तांदळाएवढा. हात दाराला दाखवला की दार उघडतं. मी म्हटलं, बाई, उजव्या हातानं देवाला हळद वाहायची, त्यात असलं नको. तर डाव्यात घातला. एवढं एकच माझं ऐकलंय तिनं."

"आणि दारात नोंद राहते, कुणी उघडलं त्याची."

"तेच तर. गेल्या रविवारी दुपारी, कारखाना बंद असताना, रूपश्रीच्या हातानं दार उघडलं. दुसरी दोन कार्डं आहेत. एक माझ्या मुलाचं, प्रदीपकुमारचं, ते त्याच्याबरोबर चेन्नईत. दुसरं हे." बाईंनी कमरेची चंची थोपटली. "दोन्ही त्या दिवशी वापरलेली नाहीत, असं ते यंत्रच सांगतं. कार्ड चोरता येतं. हात कोण चोरणार?"

"सूनबाई काय म्हणतात?"

"घरी होते म्हणते. डोकं दुखत होतं म्हणते. बघितलं कुणी? आम्ही लग्नाला जयनगरला. मी आणि माझा पुतण्या मोहनकुमार. तोच गाडी चालवत होता."

"मुलगा काय म्हणतो?"

"आई, तू म्हणशील तसं. लहानपणापासून हे एकच वाक्य शिकलाय." बाईंनी नाक उडवलं. "आज संध्याकाळी तक्रार द्यायची आहे. नाव घालायचं की नाही ते माझ्यावर. घातलं की ती घराबाहेर. बॅग तर तिनं आधीच भरलीय."

"तुम्हाला खात्री आहे, मग नाव घालून मोकळ्या का होत नाही?"

भागीरथीबाईंनी चंचीची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"पोलिसात एकदा नाव गेलं की परत येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि ती वाईट नाही. वळण नाही, एवढंच. पुण्याची आहे. महादेवपुऱ्यात काचेच्या इमारतीत नोकरी करत होती. आता बघा, वरमहालक्ष्मीच्या हळदीकुंकवाला सगळ्या गल्लीतल्या बायका बसल्यात आणि ही अत्तर लावून घ्यायला डावा हात पुढे करते. तोही उताणा, भिक्षा मागितल्यासारखा. मी तिथंच बोलले. मान खाली घालून गप्प बसली. दोनच दिवसांनी हे."

शाल्मलीनं डोळे उघडले.

"चला," ती म्हणाली. "पीण्याला जाऊ."

"मी पण येणार. माझ्या पाठीमागं माझ्या कारखान्यात कुणी काही विचारायचं नाही."

"सरी, या," शाल्मली म्हणाली. "पण विचारताना मधे बोलायचं नाही."

बाईंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

*

कारखान्यात यंत्रं चालू होती आणि तेलाचा वास कपड्यांना धरत होता. मास्टरची खोली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. दारावर पाटी होती: बूट घातल्याशिवाय प्रवेश नाही.

भागीरथीबाईंनी दारात आपसूक चपला काढल्या. मग पाटीकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"हे दुसरं. आमचे यजमान या खोलीत कधी पायताण घालून गेले नाहीत. देवघर म्हणायचे. आमच्या घरचं कुणीच जात नाही. आता सूनबाई म्हणतात, पायावर लोखंड पडेल, जाड बूट घाला."

"पडतं, आई," मागून आवाज आला. रूपश्री जिना चढून आली होती. डोळ्यांखाली काळं, पायात जड बूट. "मागच्या वर्षी एकाच्या पायावर पडलं. दवाखान्यात तुम्हीच गेला होता."

बाईंनी दुसरीकडे पाहिलं.

"दार उघडून दाखवता?" शाल्मलीनं विचारलं.

रूपश्रीनं डाव्या हाताची मागची बाजू दाराशेजारच्या काळ्या डबीवर टेकवली. काही झालं नाही. हात जरा वळवला. डबीवर लाल दिवा लुकलुकला. पुन्हा दाबून, कोन बदलून धरला, तेव्हा कुठं हिरवा दिवा लागला आणि दार खट्‌ झालं.

"नेहमी असंच?"

"नेहमी. दाण्यातली तार केसाएवढी असते. जागा नेमकी सापडावी लागते."

"ही किल्ली कुणाला चोरता येते का?"

"नंबर चोरता येतो," रूपश्री सरळ म्हणाली. "हे दार साधं आहे, फक्त नंबर बघतं. तो मिळाला तर कोऱ्या कार्डावर चढवता येतो. पण त्यासाठी एखादा फोन माझ्या हाताला, इथं, चिकटून धरायला हवा. श्वास घेऊन सोडेपर्यंत तरी. मला हे माहीत आहे, म्हणून मी कुणाचा फोन हाताजवळ येऊ देत नाही. घरी सगळ्यांना गंमत दाखवली होती, तीसुद्धा माझ्याच फोनवर. लोक नंतर म्हणायचे, आमच्या फोनवर दाखव. मी नाही म्हटलं. म्हणून माझ्याकडे उत्तर नाही. उत्तर असतं तर मी बॅग भरली नसती."

"ऐकलंत?" भागीरथीबाई म्हणाल्या. "स्वतःच स्वतःला अडकवते."

"खोटं बोलणारं माणूस स्वतःसाठी पळवाट ठेवतं, बाई," शाल्मली म्हणाली.

दार बसवणारा दयानंद पंधरवड्याची देखभाल करायला आलाच होता. निपाणीकडचा, शर्टाच्या खिशात टेस्टर, बोलताना नजर जमिनीवर.

"तुला या यंत्रात कुणाच्याही नावानं कार्ड करता येतं ना?" शाल्मलीनं विचारलं.

"येतं की. मीच केलंय सगळं."

"नोंद पुसता पण येत असेल."

"येते." मग त्याच्या लक्षात आलं. "मॅडम, मी कशाला करू? स्वल्प विचार करा. मला चोरीच करायची असती तर मागं खूण ठेवली असती होय?"

"रविवारची ओळ वाच."

त्यानं फोनवर बोट सरकवलं. "रूपश्री मॅडम. दार उघडलं."

"त्याच्या आधी?"

"आधी काही नाही. स्वच्छ ओळ. बाकीच्या दिवशी मॅडमच्या नावाच्या वर 'वाचता आलं नाही' असं येतं, लाल दिव्याचं. रविवारी पहिल्याच फटक्यात लागलं."

"त्या दिवशी नशीब चांगलं होतं तिचं," बाई पुटपुटल्या.

फाटकावरचा यल्लाप्पा पहारेकरी बाईंना पाहून उठून उभा राहिला.

"रविवारी कोण आलं होतं, अण्णा?"

"मॅडम आल्त्या. घरची पांढरी स्कूटर, डोक्याला हेल्मेट. लांबूनच हात केला. मागच्या दारानं वर गेल्या."

"तोंड बघितलंस?"

"हेल्मेटातलं तोंड कसं बघायचं? बाई होत्या, स्कूटर घरची होती."

"ती स्कूटर घरात कोण कोण चालवतं?"

"तरण्या बाया सगळ्या," भागीरथीबाईंनी उत्तर दिलं. "रूपश्री, सुखदा. सुखदा म्हणजे मोहनकुमारची बायको. आमच्याच आवारात राहतात. स्कूटर अंगणात असते, किल्ली खुंटीला."

"वर काय करत होत्या, बघितलंस?"

"नाही ओ. फेरीला गेलो तर दाराबाहेर चपला दिसल्या. म्हटलं, आतच आहेत, कशाला त्रास द्यायचा. परत आलो खाली."

"चपला काढून गेली म्हणजे थोडी तरी लाज होती," भागीरथीबाई म्हणाल्या.

शाल्मलीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला, आणि बाईंना उगाचच राग आला.

*

मोहनकुमार लेथजवळ उभा होता. चाळिशीचा, हाताच्या रेषांत वंगण मुरलेलं. धाकट्या दिराचा मुलगा. आई गेल्यापासून भागीरथीबाईंनीच वाढवलेला. नवं दार येईपर्यंत मास्टरच्या खोलीची किल्ली वर्षानुवर्षं त्याच्या कमरेला असायची.

"वाईट वाटलं होतं, किल्ली गेली तेव्हा?" शाल्मलीनं विचारलं.

"वाटलं. खोटं कशाला बोलू? काका मला म्हणायचे, मी नसलो तर मास्टरला तू. पण वहिनींना काम येतं. मी कधी तोंडावर बोललो नाही."

"पाठीमागं?"

"घरी बायकोजवळ माणूस बोलतोच."

भागीरथीबाईंचे डोळे भरून आले. "मोहन, मला रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढं येतं बघ. कुणाच्या घामट बोटात असेल ते. यजमान त्याला उघड्या हातानं कुणाला शिवू देत नव्हते. गंज चढला तर?"

"गंज चढायचा नाही, काकू. तुम्ही त्याची काळजी करू नका," मोहनकुमार हळूच म्हणाला आणि लेथकडे वळला.

*

घर राजाजीनगरला. एकाच आवारात दोन लहान घरं, मधे अंगण. हॉलमध्ये रूपश्रीची बॅग दाराशी उभी होती. भागीरथीबाई तिला वळसा घालून आत गेल्या, जणू ती तिथं नव्हतीच.

सुखदानं कॉफी आणली. उंच, नीटस, बोलायला गोड. कॉफी ठेवता ठेवता म्हणाली, "रूपश्रीचं असं व्हायला नको होतं हो. पण यंत्र खोटं कशाला बोलेल?"

"रविवारी तुम्ही कुठं होता?"

"घरीच. दार लावून झोपले होते. स्कूटरचा आवाज आला खरा. कोण गेलं ते उठून बघितलं नाही."

"लग्नाला नाही गेलात?"

"उपास होता. तिथं जाऊन नुसतं बघत बसायचं होय?"

सुखदा रिकामे कप घेऊन गेली. शाल्मलीची नजर भिंतीवरच्या फळीकडे गेली. तिथं चांदीचं मोठं तबक होतं, आरशासारखं लखलखीत.

"सुंदर आहे."

"माझ्या सासूचं. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी बसून घासलं मी. मनगटं भरून आली." बाईंचा आवाज चढला. "आणि त्या दिवशी वापरलंच नाही. कुंकू-अत्तर सगळं सुखदाकडे होतं. ती म्हणे, काकू, काळं दिसतंय, बायका काय म्हणतील. चन्नपट्टणचं लाकडी ताट आणलं तिनं, लाल-पिवळं, पापडासारखं पातळ. वरून रुमाल घातलेला, कडेनं खाली लोंबणारा. लहान मुलांच्या खेळण्यातलं वाटत होतं. मी म्हटलं, जाऊ दे, सणाच्या दिवशी तोंड कशाला उघडायचं."

"पण सूनबाईंच्या डाव्या हाताला उघडलंत."

"ते वेगळं."

शाल्मली उठली. "ते लाकडी ताट मागवा. मोहनकुमारना बोलवा, रूपश्रीला पण. आणि अत्तराची कुपी काढून ठेवा."

"तुम्ही चोर शोधताय का हळदीकुंकू करताय?"

"दोन्ही."

*

दुपार उतरायच्या आत सगळे हॉलमध्ये जमले. मोहनकुमार दाराशी उभा, हात पुसायच्या चिंध्या अजून हातात. रूपश्री बॅगेजवळच्या स्टुलावर. सुखदा सोफ्याच्या कडेला.

शाल्मलीनं अत्तराची कुपी सुखदाच्या हातात दिली. "रूपश्रीला अत्तर लावा."

"आत्ता? कशाला?"

"लाव की," भागीरथीबाई म्हणाल्या. त्यांनाही काही कळलेलं नव्हतं, पण हुकूम द्यायची संधी त्या सोडत नसत.

सुखदानं कापसाचा बोळा भिजवला. रूपश्रीचा उजवा हात घेतला, पालथा केला, वरून अत्तर फिरवलं.

"उजवा," शाल्मली म्हणाली. "पालथा. न विचारता, न सांगता. इथल्या कुठल्याही बाईचा हात असाच चालेल. मग वरमहालक्ष्मीला डावा का? आणि उताणा का?"

"तिनंच पुढं केला," सुखदा म्हणाली.

रूपश्रीनं मान वर केली. "तू म्हणालीस, उजव्या हातात नारळ आहे, राहू दे, डावा दे. म्हणालीस, मनगटावर वास जास्त टिकतो, हात असा ताटावर टेकव."

भागीरथीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "मग मी बोलले तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सगळ्या बायकांसमोर उलट बोलायचं?" रूपश्री म्हणाली. "तेही वळण नाही, असं तुम्ही म्हणाला असता."

शाल्मलीनं चांदीचं तबक फळीवरून काढून टीपॉयवर ठेवलं. रूपश्रीचा फोन मागून तबकाखाली सरकवला. "डावा हात. उताणा. मागची बाजू तबकावर टेकू दे."

रूपश्रीनं हात टेकवला, वळवला, दाबला. फोन गप्प.

"चांदी. धातूपलीकडे त्या दाण्याचं बोलणं ऐकू जात नाही." शाल्मलीनं तबक बाजूला केलं आणि लाल-पिवळं पातळ ताट फोनवर ठेवलं. रूपश्रीनं पुन्हा हात टेकवला. जरा इकडे, जरा तिकडे.

ताटाखाली फोन टुणकन वाजला.

रूपश्रीनं हात झटकन मागं घेतला.

"म्हणून घासून लख्ख केलेलं तबक काळं ठरलं," शाल्मली म्हणाली. "म्हणून खाली धरलेला फोन झाकायला ताटावरून लोंबता रुमाल. अत्तराचा बोळा मनगटावर हळूहळू फिरवायचा, गोड बोलायचं, हात धरून ठेवायचा. रूपश्री जगातल्या सगळ्या फोनांपासून हात जपत होत्या. घरच्या सणात, घरच्या बाईनं हातात घेतलेला हात कोण जपतं? नंबर मिळाला. तो कार्डावर चढवला. दोन दिवसांनी रविवार, घरातली माणसं लग्नाला, रूपश्री डोकं बांधून पडलेल्या, खुंटीला स्कूटरची किल्ली."

"हे कुणीही केलं असेल," सुखदाचा आवाज अजून गोड होता. "दयानंद आहे. तो तर यंत्राचा मालकच."

"दयानंदला हात कशाला लागतो? तो बसल्या जागी हव्या त्या नावाचं कार्ड करतो, आणि वर नोंद पुसतो. ज्याच्या हातात यंत्र नाही, त्यालाच हात चोरावा लागतो. आणि दार हातानं उघडलंच नव्हतं. रूपश्रीचा हात लागायच्या आधी लाल दिवा लागतोच लागतो. रविवारची ओळ स्वच्छ. कार्डच ते, पहिल्या फटक्यात लागलं."

"कार्ड होतं म्हणजे मीच होते, असं थोडंच?"

"यल्लाप्पानं दाराबाहेर चपला पाहिल्या," शाल्मली म्हणाली.

भागीरथीबाईंना आत्ता, सगळ्यांच्या नंतर, दिसलं.

"रूपश्री त्या खोलीत बूट घालून जातात. पाटी त्यांनीच लावलीय. बाहेरचा चोर चपला काढत नाही. पळायचं असतं त्याला. त्या उंबऱ्याशी आपसूक पायताण निघतं ते फक्त या घरातल्या जुन्या माणसांचं. बाई, तुमचं सकाळी निघालं. तुम्ही आणि मोहनकुमार रविवारी जयनगरला होता. मग बाईमाणूस उरलं कोण?"

सुखदा आपल्या पायांकडे पाहू लागली.

"चोरी करायला गेलीस," भागीरथीबाई अगदी हळू म्हणाल्या, "तरी चपला काढल्यास."

"काढल्याच," सुखदा म्हणाली. गोडवा गळून पडला होता. "काढायच्याच असतात तिथं. मामंजींची जागा आहे ती. यांची जागा आहे. किल्ली काढून घेतली तेव्हा हे घरी येऊन जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडले. तुम्हाला दिसलं नाही, काकू. तुम्हाला सूनबाईचं दार दिसलं. मला ते कडं विकायचं नव्हतं. ती जावी, आणि किल्ली यांच्याकडे यावी, एवढंच. मग ते आपोआप सापडलं असतं."

"आणि मला चोर म्हणून?" रूपश्रीनं विचारलं.

"मोहनला यातलं काही माहीत नाही," भागीरथीबाई घाईनं म्हणाल्या. त्यांनी शाल्मलीकडे असं पाहिलं, की एवढं तरी सोडा.

शाल्मलीनं सोडलं नाही. "आधी माहीत नव्हतं. नंतर कळलं. तुम्ही गंजाची काळजी करत होता. मास्टर कुठं आहे हे माहीत नसलेलं माणूस म्हणेल, सापडेल, किंवा देवाची इच्छा. मोहनकुमार म्हणाले, गंज चढायचा नाही. ज्यानं स्वतः तेल लावलंय, त्यालाच हे माहीत असतं."

मोहनकुमारनं हातातली चिंधी टीपॉयवर ठेवली.

"पदरात बांधून आणलं होतं हिनं," तो म्हणाला. "उघड्या हातानं. त्यावर बोटांचे ठसे बघितले आणि मला काही सुचेना. पुसलं, तेलाच्या डब्यात बुडवलं. आमच्या पोटमाळ्यावर आहे. रोज म्हणायचो, आज सांगतो. मग वाटायचं, सांगितलं तर ही जाईल. वहिनींकडे बघवत नव्हतं. काकू, काय करायचं ते करा."

सगळे भागीरथीबाईंकडे पाहू लागले. या घरात नेहमी असंच व्हायचं, आणि त्यांना ते आवडायचं. आज आवडलं नाही.

"पुरावे सगळे माझ्याच तोंडून घेतलेत तुम्ही," त्या शाल्मलीला म्हणाल्या.

"तक्रारी म्हणून दिलेत. मी पुरावे म्हणून घेतले."

बाई उठल्या. "मोहन, सोमवारी सकाळी सगळ्या कामगारांसमोर मास्टर तू पेटीत ठेवायचा. कुठून आणला ते तुझ्या तोंडानं सांगायचं. सुखदा, तू त्याच्या शेजारी उभं राहायचं, मान वर करून. त्यानंतर पोलिसाकडे जायचं की नाही, ते मी नाही सांगणार. जिचं नाव घालायला मी निघाले होते, ती सांगेल."

त्यांनी रूपश्रीकडे वळून पाहिलं. स्टूल रिकामं होतं. बॅगही नव्हती.

फाटकाबाहेर टॅक्सी उभी होती. रूपश्री मागच्या सीटवर बसली होती, बॅग मांडीशी.

"कुठं निघालीस?" भागीरथीबाईंनी विचारलं. "आता कळलं ना सगळ्यांना."

"कळलं ते त्यांनी सांगितल्यावर," रूपश्री म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मी सांगत होते तेव्हा नाही. बहिणीकडे जाते, सर्जापूर रोडला. सोमवारी कारखान्यात येईन. घरी यायचं का, ते मला आत्ता माहीत नाही."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. भागीरथीबाईंनी बोनेटवर थाप मारली.

"एय, निल्लप्पा, थांब."

मग वळसा घालून त्यांनी पलीकडचं दार उघडलं, साडी आवरली आणि आत बसल्या. या वेळी टेकल्या नाहीत. नीट, मागं रेलून बसल्या.

"आई, तुम्ही कुठं?"

"सर्जापूर रोड लांब आहे. रस्ताभर गाड्या तुंबलेल्या असतात," भागीरथीबाई समोर बघत म्हणाल्या. "मला माफी मागायची सवय नाही. वेळ लागेल."